नऊ थांबे

एक करडं पीस, बोटाच्या पेराएवढं.

खंडाळी. पिंपळदरा. माळवस्ती.

निळ्या बॉलपेननं कोपराभोवती काढलेला वाकडा गोल.

“शंभरातल्या सहांना.” “अन् बाकीच्या चौऱ्याण्णवांचं बोला की.”

सात मिनिटं.

दोन वीसची वडझरी गाडी. ती वेळेवर सुटली.

मी सव्वीस वर्षांची होते, आणि चादरीवर रक्त दिसलं तर ते चादरीखालच्या माणसाचंच असणार, असं धरून चालत होते.

*

१०.४०

या वेळा आठवणीतल्या नाहीत. त्या दिवसाच्या निरीक्षणाच्या तक्त्याची झेरॉक्स चौदा वर्षं माझ्याकडे आहे. तक्त्याची पुढची बाजू माझ्या अक्षरात : आकडे, खुणा, सह्या. मागची बाजू पाटोळे सिस्टरांच्या अक्षरात. मागच्या बाजूला खरं तर काही लिहायचं नसतं.

खाटेवर रंगनाथ चौरे. वय एकसष्ट, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सकाळी साडेआठला दाढी करताना हातातला ब्रश पडला आणि त्यामागोमाग ते. उजवा हात, उजवा पाय, वाचा, तिन्ही एकदम गेलं. आले तेव्हा अर्धा चेहरा गुळगुळीत होता आणि अर्ध्यावर वाळलेला साबण. मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. साडेचार तासांच्या आत आणलं तर ती विरघळवायचं औषध देता येतं. तालुक्याच्या आमच्या लहानशा हॉस्पिटलात ते औषध येऊन तीन महिने झाले होते. मी ते आजवर एकदाही दिलं नव्हतं.

बरोबर त्यांचा धाकटा भाऊ होता. भिवसेन, सगळे आप्पा म्हणत. वहिनी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेल्या, त्यामुळे सही आप्पांचीच.

“हे औषध गुठळी विरघळवतं,” मी म्हणाले, “पण ते फक्त त्याच गुठळीला ओळखत नाही. अंगात कुठंही रक्त येऊ शकतं. शंभरातल्या सहा जणांना मेंदूत रक्तस्राव होतो.”

“अन् बाकीच्या चौऱ्याण्णवांचं बोला की, डाक्टरीणबाई.”

“त्यातले बरेच सुधारतात.”

“मग कुठं करू सही?”

औषधाचा दहावा भाग एकदम दिला, उरलेला तासाभरात जाईल असा पंपाला लावला. पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञ सबनीस मॅडम फोनवर होत्या. “पंधरा-पंधरा मिनिटांनी बघ. बुबुळं, हात, पाय, बोलणं, रक्तदाब. दोन तास. नंतर अर्ध्या-अर्ध्या तासानं. आणि काही बदललं की मला फोन. वाटलं म्हणून नाही, बदललं की.”

वाटलं म्हणून नाही, बदललं की. हे वाक्य पुढं दिवसभर माझ्या मानेवर बसून होतं.

*

१०.५५

पुढची बाजू : हात शून्य. पाय शून्य. वाचा नाही. रक्तदाब १६२/९४.

मागची बाजू : विचारलं, कंडक्टर, गाडी सुटली, पहिला थांबा कोणता? माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. आवाज नाही.

“सिस्टर, हे काय लिहिताय?” मी विचारलं.

“विचारलं ते लिहिलं.”

“पण ‘वाचा नाही’ हे मी लिहिलंय की.”

“तुम्ही लिहिलंत काय नाही ते. मी लिहिते काय आहे ते.” हे त्यांनी मला टोमणा म्हणून ऐकवलं नाही. पेनाचं टोपण दातात धरून त्या तापमापक झटकत होत्या.

सुवार्ता पाटोळे. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, पांढऱ्या साडीवर बारा महिने करडा स्वेटर. निंबोडीला राहायच्या आणि सकाळची ड्यूटी असली की पहिल्या एसटीनं यायच्या. मी रुजू झाले त्या आठवड्यात कुणीतरी मला सांगितलं होतं, पाटोळे सिस्टर जरा जुन्या वळणाच्या आहेत, सांभाळून घ्या. कोणी कुणाला, ते सांगायचं राहिलं होतं.

*

११.१०

मधल्या दहा मिनिटांत मी बाहेर एका मुलाच्या पायाला टाके घालत होते. सिस्टर औषधांच्या कपाटाशी. खाटेभोवतीचा पडदा ओढलेला होता. आप्पा आत काही देवाचं पुटपुटत असतील, असं मला वाटलं.

पडदा सारला. चादर उचलली.

उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत लाल. बोटांच्या बेचक्यांत लाल. गादीवर लाल.

“पंप बंद करा!” मी एवढ्यानं ओरडले की बाहेरचं टाके घातलेलं पोर रडायला लागलं. स्वतःच पंपाचं बटण दाबलं. लाल पेननं तक्त्यावर लिहिलं : रक्तस्राव, तीव्र. औषध बंद, ११.११. “सिस्टर, रक्तपेढीला फोन करा, क्रायो मागवा, रक्तगटाचा नमुना पाठवा.” क्रायो म्हणजे रक्तातला गुठळी बांधणारा अंश, गोठवून ठेवलेला. या औषधानं रक्त वाहायला लागलं तर त्याच्यावर तो उतारा. पुस्तकात वाचलं होतं तेवढं सगळं मी एका दमात म्हणून टाकलं, आणि दुसऱ्या हातानं सबनीस मॅडमचा नंबर लावला.

सिस्टरांनी तीन कामं केली. नमुना काढून पाठवला. रक्तपेढीशी हळू आवाजात बोलल्या. मग बोळा ओला करून हात पुसायला घेतला.

“मॅडम, मोठा रक्तस्राव,” मी फोनवर सांगत होते, “अख्खा हात भरलाय, कुठून येतंय कळत नाही…”

सिस्टरांनी माझ्यासमोर बोळा धरला. बोळ्याला एक करडं पीस चिकटलेलं होतं.

मी त्याच्याकडे बघत राहिले. तिकडे मॅडम विचारत होत्या, “हॅलो? कुठून येतंय?”

सिस्टर आप्पांकडे वळल्या. आप्पा खाटेच्या पायथ्याशी, दोन्ही हात पाठीमागं.

“आप्पा,” सिस्टर म्हणाल्या, जसं कुणी विचारावं चहात साखर किती, “पारवा कुठं ठेवलाय?”

आप्पांनी खाली बघितलं. “मागल्या न्हाणीत. पिशवीत हाय.”

“बाकीचं रक्त?”

“संपलं. पायाचं राहिलंय अजून.”

आमच्या भागात लकवा मारला की गेलेल्या अंगाला पारव्याचं ऊन रक्त चोळतात. त्यानं नसा जाग्या होतात म्हणे. मी हे लहानपणी ऐकलेलं होतं. डॉक्टर झाल्यावर विसरले होते, किंवा ते माझ्या वॉर्डात येईल असं मला वाटलं नव्हतं.

“हॅलो,” मॅडम फोनवर. “रक्त कुणाचं आहे?”

“पारव्याचं,” मी म्हणाले.



“सगळं नाही,” सिस्टर म्हणाल्या. त्यांचा अंगठा कोपराच्या खळगीत रुतलेला होता. “सकाळी तपासणीला रक्त काढलं ती जागा चोळून चोळून उघडी झाली. हे थोडं त्यांचं आहे. दाबून धरलंय. दाबता येतंय, म्हणजे थांबेल.”

मी तेच फोनवर सांगितलं. मॅडम म्हणाल्या, “मग दाबून धरा आणि औषध सुरू करा. किती वेळ गेला?”

“सात मिनिटं,” सिस्टर घड्याळाकडे न बघता म्हणाल्या.

*

११.१८

औषध पुन्हा सुरू.

मग मी आप्पांवर तुटून पडले. अडाणीपणा, अंधश्रद्धा, भावाचा जीव, पोलीस, काय काय म्हणाले. आप्पा ऐकत उभे. शेवटी एवढंच बोलले, “तुमचं औषिद चालूच व्हतं. म्हनलं, आपलं बी असू द्या सोबतीला. वाटंत थांबलो न्हाई कुठं. घरच्याच वळचणीतला व्हता.”

“बाहेर व्हा!”

“आप्पा,” सिस्टर मध्येच म्हणाल्या, “आधी हात साबणानं धुऊन या. कोपरापर्यंत.” ते धुऊन आले तोवर त्यांनी खाटेशेजारी एक स्टूल ओढून ठेवलं होतं. कोपराभोवती कातडी काळीनिळी होऊ लागली होती. तिच्या कडेनं सिस्टरांनी बॉलपेननं गोल काढला. “इथं बसायचं. दादाच्या अंगाला हात लावायचा नाही, बोटसुद्धा नाही. फक्त ही रेघ बघायची. काळं रेघेच्या बाहेर गेलं की मला हाक मारायची. जमेल?”

“जमंल की.”

“डोळा लागता कामा नये.”

“रातभर पिकाला पाणी देतो बाई मी. डोळ्याचं काय सांगता.”

ते बसले. गुडघ्यांवर हात, नजर रेघेवर. त्यानंतरचे कित्येक तास मी त्या माणसाला मान वळवताना बघितलं नाही. वॉर्डात निरीक्षणाचं यंत्र एकच होतं, ते दुसऱ्या खाटेला लावलेलं. या खाटेला आप्पा होते.

मी तक्त्यावरची लाल नोंद खोडायला लागले.

“खोडू नका,” सिस्टर म्हणाल्या. “एक रेघ मारा नि सही करा. खालचं वाचता आलं पाहिजे.”

“सिस्टर, रक्तपेढीला फोन करून सांगा, नको आहे म्हणून.”

“करते,” त्या म्हणाल्या.

*

११.२५

पुढची बाजू : उजवा पाय, बोटं हलली. वाचा नाही. डाव्या हाताची निरर्थक हालचाल, वर नेऊन खाली ओढणे, एकदा.

मागची बाजू : घंटी. एक.

*

११.४०

“कंडक्टर, गाडी सुटली. पहिला थांबा?”

चौऱ्यांनी सिस्टरांकडे बघितलं. तोंड वेडंवाकडं झालं, जबडा दोनदा उघडला, मिटला.

“निं… बोडी.”

आप्पांचे डोळे रेघेवरून हलले नाहीत, पण त्यांतून पाणी गालावर आलं, तेही त्यांनी पुसलं नाही.

“पहिला कसा?” मी म्हणाले. मला तेवढंच सुचलं. “स्टँडवरून निघाल्यावर पहिला मार्केट यार्ड ना?”

“असू द्या,” सिस्टर म्हणाल्या. “जो आला तो आला.” आणि मान खाली घालून मागच्या बाजूला लिहिलं. त्यांचं अक्षर त्या एका ओळीत जरा हललेलं आहे. झेरॉक्समध्येही दिसतं.

*

१२.१०, १२.२५, १२.४०

औषध संपलं होतं. आता फक्त बघायचं होतं.

हात उचलला. पडला. पुन्हा उचलला. मग टिकला.

थांबे एकेक करून जागेवर येत होते. बारा-दहाला पाच. बारा-पंचवीसला सात. बारा-चाळीसला सिस्टरांनी विचारलं आणि त्या अर्ध्या दाढीच्या माणसानं छताकडे बघत, अडखळत, पण तिकिटं फाडतानाच्या त्याच सुरात सगळे म्हटले :

“मार्केट यार्ड. साखर कारखाना. खंडाळी. पिंपळदरा. निंबोडी फाटा. माळवस्ती. कानडगाव. घाटमाथा. वडझरी. उतरून घ्या.”

शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, “आत्ता! मला तर घाटमाथ्यालाच उतरायचं होतं.”

वॉर्ड हसला. चौरेही हसले, तोंडाच्या एकाच बाजूनं. मी सबनीस मॅडमना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, “छान. पारव्याला माझे आभार सांग.”

गंमतच होती ती. पण संध्याकाळपर्यंत हे पुण्याच्या चार हॉस्पिटलांत पोचणार, हे मला दिसलं. रक्त कुणाचं ते न बघता औषध बंद करणारी डॉक्टर. मी ठरवलं, आज पुन्हा उगाच ओरडायचं नाही.

*

२.१०

पुढची बाजू : सर्व स्थिर. हात चांगला. रक्तदाब १५८/९०.

मागची बाजू : नऊ.

सकाळची ड्यूटी दोनला संपते. दोन वीसच्या वडझरी गाडीनं सिस्टर जायच्या. त्यांनी पिशवी खांद्याला लावली होती, चपला बदलल्या होत्या.

“निघते,” मला म्हणाल्या. मग दाराशी थांबल्या. खाटेकडे बघितलं. पिशवी खिडकीत ठेवली. “पुढची एक फेरी बघून जाते.”

“सिस्टर, गाडी जाईल.”

“साडेतीनला आहे दुसरी.”

*

२.४०

बुबुळं सारखी. हात टिकतोय, किंचित खाली येतोय, पण जेवणाच्या वेळेचा आळस असेल. रक्तदाब १६८/९६. मी लिहीत होते.

“कंडक्टर, गाडी सुटली.”

“मार्केट यार्ड, साखर कारखाना, खंडाळी, पिंपळदरा, माळवस्ती, कानडगाव, घाटमाथा, वडझरी.” भरभर, न अडखळता. मी तर मनात शाबास म्हटलं.

सिस्टरांची मोजणारी बोटं मध्येच थांबली होती. आठ.

“पुन्हा एकदा, कंडक्टर.”

पुन्हा आठ. तेच आठ.

“डोकं दुखतंय का?”

“थोडं.” कपाळाला आठी.

सिस्टर मला खिडकीपाशी घेऊन गेल्या. “एक थांबा गेला.”

“दमलेत ते, सिस्टर. सकाळपासून आपण वीस वेळा तेच विचारलंय. मी असते तर नऊतले चारच सांगितले असते.”

“आठ कुणीही सांगेल, डॉक्टर. नववा त्यांनी सोडायला नको होता.”

“पण हात टिकतोय, बुबुळं ठीक आहेत. मी मॅडमना काय सांगू? एक बसथांबा कमी झाला?”

“हो.”

“सकाळी पारवा. दुपारी बसथांबा.” मला हसू येत होतं आणि रडूही. “त्या म्हणाल्या होत्या, वाटलं म्हणून फोन करू नकोस. बदललं तरच कर.”

“बदललंय,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी तक्ता उलटा करून माझ्यापुढं धरला. मागच्या बाजूला एकाखाली एक : पाच. सात. नऊ. नऊ. नऊ. नऊ. आणि खाली आत्ता लिहिलेला, शाई अजून ओली : आठ. “हे वाटलेलं नाही. हे लिहिलेलं आहे.”

“आणि पुन्हा खोटं निघालं तर?”

“तर तुम्ही आज दोनदा घाबरलात, एवढंच होईल. त्यानं कुणी मरत नाही.” त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “फोन तुम्हालाच करायचा आहे. माझी ड्यूटी दोनला संपली. मी आता फक्त घरी जायला निघालेली बाई आहे.”

आप्पा स्टुलावरून म्हणाले, रेघेवरची नजर न काढता, “काळं बाहेर गेलेलं न्हाई, बाई.”

“माहीत आहे, आप्पा. तुम्ही बघताय ना. आता आत बघायचंय.”

मी आधी फोन केला नाही. आधी सीटी-स्कॅनच्या खोलीत गेले. तंत्रज्ञ डबा उघडून बसला होता. म्हणाला, “सकाळीच तर काढला की मॅडम.”

“पुन्हा काढायचा.”

“का, काय झालं?”

“एक थांबा गेला,” मी म्हणाले. त्यानं डबा मिटला. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही.

*

३.०२

डाव्या बाजूला, सकाळी जिथं रक्त पोचत नव्हतं नेमकं तिथं, पांढरा डाग. बोराएवढा. ताजं रक्त पडद्यावर पांढरं दिसतं.

सीटीच्या टेबलावरून उतरवताना चौऱ्यांना उलटी झाली. खाटेवर आणेपर्यंत ते हाकेला उशिरा ओ देऊ लागले. रक्तदाब १८८. हात पडला.

सगळं पुस्तकातलं आता सगळ्यांना दिसत होतं.

“क्रायो दहा पिशव्या,” फोनवर सबनीस मॅडमचा आवाज एकदम वेगळा झाला होता, “ट्रानेक्सामिक अ‍ॅसिड दहा मिनिटांत, रक्तदाब एकशे चाळीसच्या आसपास आण, पण घाईनं पाडू नकोस, डोकं वर. क्रायोला किती वेळ लागेल तुमच्याकडे?”

मी हिशोब केला. नमुना पाठवणं, गट जुळवणं, साठा आहे का विचारणं, नसला तर जिल्ह्याहून. “तीन तास,” मी म्हणाले.

“दहा पिशव्या बाजूला काढून ठेवल्यात,” सिस्टर मागून म्हणाल्या. इंजेक्शन भरता भरता. “गट बघून झालाय. वितळवायला टाका म्हणून आत्ता सांगितलं. अर्धा तास.”

मॅडमनी ते ऐकलं. “कधी सांगितलं होतं त्यांना?”

“सकाळी सव्वाअकराला.”

“पण सव्वाअकराला तर पारवा होता ना?”

“हो,” सिस्टर म्हणाल्या. “घाबरलोच होतो. तर घाबरणं वाया का घालवा.”

‘करते’ म्हणाल्या होत्या त्या. काय करते, ते मी विचारलं नव्हतं.

*

३.१०

रक्तपेढी गावाच्या दुसऱ्या टोकाला, कारखान्याच्या रस्त्यावर. रुग्णवाहिका होती, चालक होता. बरोबर जाणारं कुणी नव्हतं. सिस्टरांनी आप्पांकडे बघितलं.

“आप्पा, उठा आता. रेघ मी बघते.”

सिस्टरांनी त्यांच्या हातात मागणीचा कागद दिला.

“हा कागद तिथं द्यायचा. ते दहा पिशव्या देतील, डब्यात. बर्फावर ठेवायच्या नाहीत, उन्हात धरायच्या नाहीत. मांडीवर घेऊन यायचं. हलवायचं नाही, दाबायचं नाही.”

“काय असतंय त्यात?”

“रक्त बांधणारं.”

आप्पा थांबले. “सकाळी इरघळवायचं, दुपारी बांधायचं.” माझ्याकडे बघितलं. “अन् अडाणी आमी.”

“हो आप्पा,” मी म्हणाले. “पळा.”

*

३.५०

रुग्णवाहिकेचं मागचं दार उघडलं तेव्हा ते आत खाली बसलेले होते, बाकावर नव्हे. बाकावर धक्के बसतात म्हणून. थर्माकोलचा डबा मांडीत, टॉवेलात गुंडाळलेला, त्याभोवती दोन्ही तळवे. पारवा धरतात तसे : उडू नये एवढे घट्ट, दुखू नये एवढे सैल.

एकेक पिशवी चढवत गेलो. सिस्टर टांगायच्या, मी क्रमांक वाचायचे, त्या पुन्हा वाचायच्या, मग सोडायचो. दहा वेळा. एकदाही त्यांनी “माहीत आहे” म्हटलं नाही. साडेतीनची गाडीही गेलेली होती.

५.००. हाकेला ओ देतात.

५.३०. रक्तदाब १४२/८४. डोळे उघडे.

सहाच्या गाडीनं सिस्टर गेल्या. जाताना तक्ता माझ्या हातात दिला. “संध्याकाळच्या सिस्टरांना सांगून ठेवलंय, थांबे विचारायचे. यादी मागे आहे. नऊ मोजायचे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सीटी पुन्हा केला. डाग तेवढाच होता. बोराएवढा, वाढलेला नव्हता. मी तो सबनीस मॅडमना पाठवला. त्यांनी उलट फोन केला. माझ्याशी दोन वाक्यं बोलल्या आणि म्हणाल्या, “त्यांना दे.” मी फोन सिस्टरांना दिला. सिस्टर नुसतं “हो… हो… नाही हो… हो” म्हणत होत्या आणि स्वेटरचं बटण काढत-घालत होत्या.

*

(तक्त्यात नाही)

सव्वा महिन्यानं चौरे तपासणीला आले. पूर्ण दाढी केलेली. उजवा पाय जरासा ओढत, हातात काठी. बोलताना मध्येच शब्द हरवायचा, तो सापडेपर्यंत ते भुवया वर करून थांबायचे, सुट्टे पैसे शोधणाऱ्या प्रवाशासमोर थांबावं तसे. आप्पा मागं उभे. हातात पिशवी बघून मी दचकले.

“शेवगा हाय,” आप्पा म्हणाले. “भिऊ नका.”

“हात दाखवा,” मी चौऱ्यांना म्हणाले. त्यांनी दाखवले. “थांबे?”

“आता काय… ते… परीक्षा घेता?” आणि म्हणून दाखवले. नऊ.

सिस्टर दारात आल्या. चौऱ्यांनी त्यांना बघितलं. डावा हात वर नेला आणि एकदा खाली ओढला. एक घंटी, म्हणजे थांब. मग सिस्टरांनी मान हलवली. तेव्हा दोनदा ओढला, म्हणजे चला.

नंतर मी विचारलं, “सिस्टर, त्या दिवशी तुम्हाला एवढी खात्री कशी होती?”

“त्याच रस्त्यानं, त्यांच्याच गाडीनं यायचे ना मी रोज,” त्या म्हणाल्या. “सोळा वर्षं.” आणि शेवग्याच्या शेंगा मोडून डब्यात बसतात का बघू लागल्या.

सिस्टर निवृत्त होऊन आता नऊ वर्षं झाली. मी नव्या मुलामुलींना हे औषध द्यायला शिकवते. तक्त्याची झेरॉक्स दाखवते, आधी मागची बाजू. एकदा वर्गात भिंतीवर लावायला म्हणून वडझरी मार्गाच्या थांब्यांची यादी आणायला डेपोत गेले होते. खिडकीतल्या माणसानं भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. लिहून घेतलं, मोजलं, पुन्हा मोजलं.

त्या मार्गावर आठ थांबे आहेत. निंबोडी फाट्याला थांबा कधीच नव्हता.